रंगमंच दुरुस्त करा, पण आधी आम्हाला विचारा

हळदीकुंकवाला बायका जमल्या की गोष्टी कुठून सुरू होतील आणि कुठे पोचतील याचा काही नेम नसतो. यंदा आमच्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाणापासून निघालेली गोष्ट थेट गावच्या बागेतल्या रंगमंचापर्यंत गेली. कुणीतरी बातमी आणली होती. बागेतला जुना खुला रंगमंच पाडायचा आणि त्या जागी एसीचं सभागृह बांधायचं, असं घाटतंय म्हणे. ‘‘बरं झालं,’’ एक जण म्हणाली, ‘‘तसाही तो पडायलाच आलाय.’’ त्यावर दुसरी पटकन बोलून गेली, ‘‘अगं, माझं लग्न जमलं ते तिथंच!’’ सगळ्या हसल्या. मीही हसले. पण रात्री भांडी आवरताना तिचं ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. बागेच्या एका टोकाला हा रंगमंच आहे. चार फूट उंच ओटा, मागे भिंत, डोक्यावर स्लॅब, दोन्ही बाजूंना कपडे बदलायला एकेक लहान खोली आणि समोर उताराची मोकळी जागा. खुर्च्या नाहीत, तिकीट नाही, दाराशी अडवणारं कुणी नाही. मी लग्न होऊन या गावात आले त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली. पहिल्याच वर्षी शारदोत्सवातल्या भजन स्पर्धेला सासूबाई मला इथे घेऊन आल्या होत्या. त्या, आम्ही दोघी जावा आणि शेजारच्या चार जणी. सतरंजी घरूनच न्यायची, पदराला फल्लीदाणे बांधायचे. नव्या सुनेला रात्री घराबाहेर जाता येईल, तेही हसतमुखाने, अशी गावात तेवढी एकच जागा होती.

आज त्या स्लॅबच्या सळाखी उघड्या पडल्या आहेत. पावसाळ्यात पाणी ठिबकतं. कपडे बदलायच्या खोल्यांची दारं कुणी कधी नेली कोण जाणे. दिवसा तिथे पत्ते चालतात आणि संध्याकाळनंतर बाटल्या. त्यामुळे ‘पाडा एकदाचा’ म्हणणाऱ्या मैत्रिणीला मी दोष देणार नाही. पण पाडायच्या आधी आपण काय पाडतो आहोत, हे तरी नीट बघायला हवं ना?

पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींसाठी थोडं सांगते. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा आमचा सगळा भाग म्हणजे झाडीपट्टी. जंगलाचा आणि धानाचा मुलूख. दिवाळीच्या सुमाराला धान कापून झालं की बांध्या मोकळ्या होतात, घरात चार पैसे येतात आणि गावोगाव मंडई भरते. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक. हे नाटक बंद थिएटरात नसतं. गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत मंडप उभा राहतो, रात्री उशिरा पडदा उघडतो आणि कोंबडा आरवेपर्यंत प्रयोग चालतो. गाणी रंगमंचावरच गायली जातात, साथीला ऑर्गन आणि तबला असतो. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे या नाटकांचं माहेरघर. तिथे नाट्य कंपन्यांची कार्यालयं आहेत. गावोगावची मंडळं तिथे जाऊन नाटक ठरवतात, तारखा घेतात. हंगाम होळीपर्यंत आणि कधी त्याच्याही पुढे चालतो. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडे घरोघरी आनंद झाला होता. शहरातल्या नाट्यगृहांना प्रेक्षक मिळत नाही अशी ओरड आपण वर्षानुवर्षं ऐकतो. इथे मात्र थंडीत शाल-चादरी गुंडाळून लोक रात्रभर नाटक बघतात!

या नाटकांचं बायकांशी एक वेगळंच नातं आहे. गावात नाटक ठरलं की आधी लेकीबाळींना निरोप जातो. सासुरवाशिणीला माहेरी यायला दिवाळी आणि राखी यांच्याखेरीज आणखी एक हक्काचं निमित्त मिळतं. घरोघरी पाहुणे उतरतात. नाटकाच्या निमित्ताने आलेल्या पाहुण्यांत उपवर मुलंमुलीही असतात. कुणाची मुलगी कशी आहे, कुणाचा मुलगा काय करतो, याची चौकशी होते आणि सकाळच्या चहावर सोयरीक जमते. झाडीपट्टीत अशी लग्नं जमलेली घरं पुष्कळ सापडतील. हळदीकुंकवातली ती मैत्रीण थट्टा करत नव्हती, खरंच सांगत होती. आमच्या बागेतल्या रंगमंचावर नाटक होतं, तिच्या मावशीने तिला बोलावून घेतलं होतं आणि पुढचं सगळं तिथूनच झालं.

मला स्वतःला हा ओटा आणखी एका कारणाने जवळचा वाटतो. चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदीसाठी बायका उठल्या ते दिवस अनेकींना आठवत असतील. डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत बायका पायी चालत गेल्या होत्या. त्या काळात आमच्या बचत गटानेही याच रंगमंचावर दारूबंदीचं पथनाट्य केलं. आमच्यातली धुणीभांडी करणारी एक जण दारुड्या नवऱ्याचं काम करत असे आणि समोर बसलेले पुरुष माना खाली घालत. पुढे १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये ती उठलीही. बंदी बरी की वाईट हा वाद इथे नको. पण तेव्हा आम्हाला बोलायला जागा मिळाली ती या ओट्यावर. भाडं नव्हतं, अनामत रक्कम नव्हती, ‘तुमची संस्था नोंदणीकृत आहे का’ असं कुणी विचारत नव्हतं. एसीच्या सभागृहाचं भाडं भरून आम्ही दारूविरुद्ध बोललो असतो का? आमच्या गटाच्या पेटीत तेव्हा तेवढे पैसेच नव्हते.

मग असा हा रंगमंच ओस का पडला? सगळे म्हणतात टीव्ही आला, मोबाइल आला. मलाही आधी तसंच वाटायचं. पण टीव्ही तर झाडीपट्टीतल्या गावागावांतही आला आणि तिथे अजून मंडप भरतात. तेव्हा कारण दुसरं असलं पाहिजे. हळदीकुंकवानंतर आम्ही चार-पाच जणींनी ठरवलं, बायकांनाच विचारायचं. बाजारात, नळावर, दवाखान्याच्या रांगेत, अंगणवाडीच्या दाराशी, जी भेटेल तिला एकच प्रश्न: तुम्ही बागेतल्या कार्यक्रमाला का येत नाही?

उत्तरं ऐकून मला लाज वाटली, कारण ती मला आधीच ठाऊक असायला हवी होती. एक आजी आमच्या वॉर्डात राहतात. तरुणपणी एकही नाटक चुकवलं नाही म्हणतात. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, ‘‘आमी रातभर बसत होतो वो बाई. तवा चारी बाजूनं झुडपं होते. आता सपाट करून टाकलं सारं. बाईच्या जातीनं दोन तास बसाचं म्हन्लं तं जाव कोठी?’’ बस, यात सगळं आलं. बागेत कारंजं आहे, सेल्फी पॉइंट आहे, घसरगुंडी आहे. बायकांसाठी बाथरूम नाही. जे आहे त्याला कुलूप आणि त्या कुलपाची किल्ली कुणाकडे, ते कुणालाच माहीत नाही.

दुसरं उत्तर अंधाराचं. बागेपासून वस्तीपर्यंतच्या रस्त्यावरचे दिवे कधी असतात, कधी नसतात. आमच्या भागात अंधार म्हणजे नुसता अंधार नसतो. गावाच्या कडेपर्यंत बिबट्या येतो, वाघाच्या बातम्या तर रोजच्याच. तिसरं उत्तर तिथे बसणाऱ्या पिणाऱ्यांचं. आणि चौथं गुडघ्यांचं! साठीच्या पुढच्या बायकांना खाली बसवत नाही आणि टेकायला कठडाही नाही. ‘नाटक आवडत नाही’ असं मात्र एकीनेही सांगितलं नाही. म्हणजे स्लॅबला तडा गेला तो नंतर. त्याच्या कितीतरी आधी बायकांचं येणं थांबलं होतं आणि बायका थांबल्या की घरची मुलं थांबतात, म्हातारी माणसं थांबतात. रिकाम्या जागेत मग ज्यांनी यायला नको ते येऊन बसतात.

आता सभागृहाची बाजूही मोकळेपणाने मांडते, कारण ती अगदीच चुकीची नाही. आमच्याकडचा उन्हाळा कसा असतो ते सांगायला नको. मे २०१९ मध्ये चंद्रपूरचा पारा ४८ अंशांच्या घरात गेला होता. पावसाळ्याचे चार महिने उघड्यावर काही करता येत नाही. बंद सभागृहात बारा महिने कार्यक्रम होतील, मुलांच्या परीक्षांच्या दिवसांत शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होणार नाही, असं आमच्या वॉर्डाच्या नगरसेविका मला सांगत होत्या. ‘‘ताई, तुम्हीच सांगा, गावाला एक चांगला हॉल नको का?’’ हवा ना! चंद्रपूरला प्रियदर्शिनी सभागृह आहे म्हणून तिथल्या हौशी नाट्यसंस्थांना आधार आहे, हे मी बघते. आमच्याही गावात हॉल जरूर व्हावा. माझा प्रश्न एवढाच, की तो बागेतला रंगमंच पाडूनच का?

हॉल आणि ओटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हॉलला भिंती असतात, म्हणून दार असतं. दार असलं की किल्ली आली, किल्ली आली की माणूस आला, त्याचा पगार आला, एसीचं वीजबिल आलं. ते भरून काढायला भाडं ठेवावं लागतं. मग तो हॉल लग्नाच्या स्वागत समारंभाला, कपड्यांच्या सेलला आणि नेत्यांच्या मेळाव्याला परवडतो. भजनी मंडळाला, अंगणवाडीच्या मुलांना, दंडार करणाऱ्या शेतमजुरांना परवडत नाही. यात कुणाचा दुष्टपणा नाही, हिशेबच तसा आहे. ओट्याचं तसं नाही. बाजार करून परतणारी बाई हातात पिशवी घेऊन पाच मिनिटं उभी राहते, गाणं ऐकते, आवडलं तर बसते. ‘मी नाटकाला जाते’ असं घरी सांगून निघायची तिची हिंमत नसते. पण ‘येताना बागेत जरा थांबले’ एवढं सांगायची असते. खुल्या रंगमंचाचं मोल मला इथे दिसतं.

शिवाय एक अनुभव सांगतो, की खुली जागा एकदा ‘तात्पुरती’ बंद झाली की पुन्हा उघडणं महाकठीण. मुंबईच्या धोबी तलावजवळचं रंगभवन अनेकांना आठवत असेल. सरकारी मालकीचं, उघड्या आकाशाखालचं थिएटर. १९७८ साली पहिली जॅझ यात्रा तिथे झाली, देशोदेशीचे वादक तिथे वाजवून गेले. पण शेजारी सेंट झेवियर्स महाविद्यालय, जवळच रुग्णालयं. हा परिसर शांतता क्षेत्रात आला आणि २००३ पासून तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम थांबले. त्यानंतर ते पुन्हा उभं करण्याच्या घोषणा अधूनमधून होत राहिल्या, वर्षं मात्र निघून गेली. एक पिढी अशी मोठी झाली की तिला रंगभवन म्हणजे काय हेच माहीत नाही.

तिथे आवाजाचा प्रश्न खरा होता, आपल्याकडेही तो खराच आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. सणासमारंभांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. हे नियम मला जाचक वाटत नाहीत. घरात आजारी माणूस असताना शेजारी डीजे वाजला की काय होतं, ते आपण सगळ्यांनी भोगलंय. पण आमच्या बागेत काही पहाटेपर्यंतचं नाटक करायचं नाही. संध्याकाळी सात ते साडेनऊ भजन, गाणी, एकांकिका, मुलांचे नाच झाले तरी पुष्कळ. आवाज कमी ठेवायचीही युक्ती असते. रंगमंचावर दोन अवाढव्य भोंगे लावून ते गावाकडे तोंड करून ठेवले की सगळं गाव हादरतं आणि पुढे बसलेल्यांचे कान फुटतात. त्याऐवजी लहान लहान स्पीकर प्रेक्षकांच्या जवळ, त्यांच्याकडे वळवून लावले तर कमी आवाजात सगळ्यांना नीट ऐकू येतं. आणि मागची भिंत चांगली असेल तर पेटी-तबल्याच्या भजनाला माइक लागलाच पाहिजे असंही नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी याच मातीत, चिमूरच्या मोकळ्या जागेत घुमली होती ना!

जुनं ठेवून नवं करता येतं, याची उदाहरणं आहेत. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क या सार्वजनिक बागेत १९६२ साली डेलाकोर्ट नावाचं खुलं थिएटर सुरू झालं. तिथे उन्हाळ्यात शेक्सपिअरची नाटकं दाखवतात, तीही फुकट. ऊन-पाऊस-बर्फ खाऊन ते जुनं झालं. मग ते दुरुस्तीसाठी बंद ठेवून साडेआठ कोटी डॉलरच्या आसपास खर्च केला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा उघडलं. एवढा पैसा ओतूनही त्यांनी त्यावर छप्पर घातलं नाही, आकाश तसंच ठेवलं. बदललं काय, तर कलावंतांच्या खोल्या सुधारल्या, चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्यांसाठी सोय केली, दर्शनी भागाला शहरातल्या जुन्या पाण्याच्या टाक्यांचं लाकूड वापरलं. त्यांच्याइतका पैसा आपल्याकडे नाही, हे उघडच आहे. पण ‘इथे येणाऱ्याला काय अडतं?’ हा प्रश्न आधी विचारायला कुठे पैसे लागतात?

आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट दुसऱ्या बाजूची आहे. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, छत्रपती शाहू महाराजांनी बांधलेलं, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी कलावंत तिथे उभे राहून रडत होते आणि ‘जसं होतं तसंच बांधा’ ही मागणी लगेच पुढे आली. तोलामोलाचं काही जळतं तेव्हा आपण रडतो. थोडं थोडं करून झिजतं, त्याच्याकडे मात्र कुणी बघत नाही. आमचा ओटा काही शाहू महाराजांनी बांधलेला नाही, पण गावाला त्याच्याशिवाय दुसरा ओटा नाही.

मग आमचं मागणं काय? आम्ही ते कागदावर मांडलं आहे. पहिली गोष्ट, स्लॅबची तपासणी जाणकार इंजिनीअरकडून करून घ्या. सळाखी दिसल्या म्हणजे सगळंच गेलं असं नसतं. पाणी आत झिरपतं, लोखंड गंजून फुगतं आणि वरचं सिमेंट सुटून पडतं. सुटलेला भाग काढून, सळाखी साफ करून, आधी गळती बंद करून मग दुरुस्ती केली तर कित्येक बांधकामं वाचतात. नुसतं प्लॅस्टर मारून रंग दिला की दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच. स्लॅब खरोखर धोक्याचा निघाला तर तो तेवढा उतरवा, आमचा हट्ट नाही. मुलांच्या डोक्यावर धोका ठेवून आठवणी जपायच्या नाहीत. पण ओटा आणि समोरची जागा राहू द्या. वर टिनाचे पत्रे मात्र नकोत. उन्हात तापतात आणि पावसाची एक सर आली की बोललेलं काही ऐकू येत नाही.

दुसरी गोष्ट, बायकांचं बाथरूम. हे यादीत शेवटी नको, पहिल्या टप्प्यात हवं. पाणी हवं, आतून लागणारी कडी हवी, दिवा हवा आणि किल्ली बागेच्या चौकीदाराकडे हवी. तिसरी, रस्त्यावरचे दिवे. कार्यक्रम असो वा नसो, बागेपासून चौकापर्यंत ते रोज लागले पाहिजेत. चौथी, म्हाताऱ्या माणसांना टेकायला कडेने सिमेंटचे बाक आणि ओट्यावर चढायला जिन्याशेजारी उतार. एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी, इतका सौम्य उतार असला तर चाकाची खुर्ची ढकलत वर नेता येते. आमच्या गावातली एक मुलगी फार सुंदर गाते, पण तिला चालता येत नाही. दर वेळी दोन माणसं तिला उचलून वर ठेवतात आणि तेव्हा ती डोळे मिटून घेते. ते मी बघितलंय. पाचवी गोष्ट, कडेचा कडुनिंब. त्याच्या बुंध्यापर्यंत फरशी बसवू नका, मुळांना श्वास घेऊ द्या.

आणि सहावी, कपडे बदलायच्या खोल्या. झाडीपट्टीच्या नाटकांत पूर्वी बायकांची कामं पुरुषच करत. पुढे बायका आल्या. रात्री गाडीतून प्रवास, पहाटे प्रयोग संपला की तोंडाचा रंग धुवायला पाणी नाही, कपडे बदलायला कापडाचा आडोसा आणि त्या आडोशाला भोकं पाडून बघणारे टवाळ. कलावंत बाईला रंगमंचावर टाळ्या द्यायच्या आणि खाली उतरल्यावर तिला वाऱ्यावर सोडायचं, हे आपल्या गावाला शोभतं का? नाटकाच्या मध्ये घुसवलेली अचकटविचकट नृत्यं आम्हालाही आवडत नाहीत. पण ती बंद व्हायची असतील तर समोर बायका-मुलं बसलेली हवीत. प्रेक्षकांत फक्त पुरुष उरले की रंगमंचावर काय चालतं ते वेगळं सांगायला नको. करोनाच्या काळात नाटकं बंद पडली तेव्हा कितीतरी कलावंतांवर मजुरीची वेळ आली. त्या बायकांनी पुन्हा तोंडाला रंग लावलाय. त्यांना निदान कडी असलेली एक खोली देऊ या.

हे सगळं घेऊन आम्ही नगरसेविकांकडे गेलो. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तरी आपल्यापैकी किती जणींना नगर परिषदेची सभा कधी असते ते माहीत असतं? मलाही नव्हतं. ताईंनी कागद वाचला. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘खरं सांगू का, मी स्वतः पण त्याच्यासाठीच नाही जात जी तिकडे. बाथरूम नाही म्हणून.’’ त्या सभागृहाच्या बाजूच्या आहेत, अजूनही असतील. पण बाथरूमचा विषय महिला व बालकल्याण समितीत मांडते, असं त्यांनी कबूल केलं. आराखडा मंजूर होण्याआधी गावातल्या बायकांची एक बैठक बागेतच घ्यावी, हेही त्यांना पटलं. पुढे काय होतं ते बघायचं. विषय मांडला गेला नाही तर माहितीचा अधिकार आहे, अर्ज आम्हाला लिहिता येतो.

मैत्रिणींनो, तुमच्याही गावात, कॉलनीत, बागेत असा एखादा ओटा असेल. कुणी गणपतीपुरता वापरत असेल, कुणी कपडे वाळत घालत असेल. एकदा संध्याकाळी तिथे जाऊन बसा आणि बघा, तुम्हाला किती वेळ निवांत बसवतं. पाच मिनिटांत उठावंसं वाटलं तर का वाटलं ते लिहून काढा. तेच तुमचं निवेदन. नंतर सिमेंट कुठलं, रंग कुठला, हे इंजिनीअर बघतील.

त्या बैठकीपर्यंत थांबायचं नाही, असं आम्ही ठरवलंय. येत्या पौर्णिमेला सात वाजता आमचं भजनी मंडळ बागेत बसणार आहे. धोक्याच्या स्लॅबखाली जायचं नाही, समोरच्या उतारावर सतरंज्या टाकायच्या. बागेसमोरच्या घरातल्या काकूंनी त्यांचं बाथरूम उघडं ठेवते म्हणून सांगितलंय. परत जाताना सगळ्या मिळून एकाच रस्त्याने जाऊ, बॅटऱ्या घेऊन. आजींना मी घ्यायला जाणार आहे. त्यांनी विचारलं, ‘‘खुर्ची आनाची का वो?’’ म्हटलं, ‘‘आणा आजी, मी उचलते.’’